मुखपृष्ठावरचा नवरा

१

छापखान्यातलं सकाळचं पहिलं काम आजच्या मजकुराचं नसतं, कालच्या मजकुराचं असतं. काल छापून झालेली अक्षरं सोडवायची, रॉकेलच्या फडक्यानं पुसायची आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. त्या खणाला आम्ही घर म्हणायचो. क च्या घरात क, म च्या घरात म. अक्षर घरी गेलं की मजकूर संपला. मग तो श काल 'शुभविवाहा'त होता की 'शोकसभे'त, कुणी विचारत नाही.

मी पोपट. कर्जतच्या बाजारात आबाजींचा छापखाना होता, तिथं मी जुळारी, म्हणजे खिळे, छापायची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर उभा करणारा. शिक्षण मराठी तिसरी, तीसुद्धा दोन वर्षांत. मास्तर मला 'ढ' म्हणायचे, त्यामुळे त्या एका अक्षरावर माझं पहिल्यापासून प्रेम. खोड्या काढणं हा माझा खरा धंदा, जुळारीपण नावाला. एका बड्या घरच्या लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब यावे'चं मी 'सहकुटुंब खावे' केलं होतं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की दुपारच्या पंगतीला पातेली खरवडायची वेळ आली. वधूपिता काठी घेऊन आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, "मग काय लोकांनी न खाता जायचं होतं काय?"

ही पुढची गोष्टसुद्धा मी पंचवीस वर्षं सांगत आलो आहे, पण अर्धीच. पहिल्या अर्ध्यावर माणसं पोट धरून हसतात. हसली की मी थांबतो, विडी पेटवतो आणि दुसरा विषय काढतो. आता पासष्टी उलटली. उरलेली अर्धी कुणाला तरी सांगायला हवी. तुम्हाला हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं जमेल असं वाटत नाही.

२

खोपोलीला वीजघराचं काम जोरात चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. मी चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. म्हणजे वयाचं निमित्तही मला नाही.

साजगावात येसूबाई म्हणून एक बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण उखाणे असे करायची की कर्जतपासून खालापुरापर्यंत कुठंही लग्न निघालं की नवरीची आई आधी येसूबाईकडे माणूस धाडायची. बायकोनं नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यात गुंफून घेतलं तर चालतं. एवढी एक पळवाट बायांनी शिल्लक ठेवली आहे, आणि येसूबाई त्या वाटेवरची पाटलीण. खालापूरच्या मास्तरांनी तिचे एकशे एक उखाणे उतरवून घेतले आणि आबाजींकडे दिले. बत्तीस पानांचं पुस्तक. नवऱ्याच्या नावाच्या जागी सगळीकडे नुसती रेघ, ज्या नवरीनं जे नाव भरायचं ते भरावं.

आतली पानं छापून शिवून झाली आणि मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. मुखपृष्ठाचा आबाजींचा एकच नियम होता. ते म्हणायचे, "पोपट, सगळीच अक्षरं जाड केलीस तर कुणीच जाड राहत नाही. गावात सगळेच पाटील झाले तर मुजरा कोण करणार? एकाला उठवायचं तर शेजारच्याला बसवावं लागतं. जाडाचं जाडपण बारकाच्या अंगातून काढायचं असतं."

मला हे फार पटायचं. आमच्याकडे जाड अक्षरांची एक पेटी होती, लाकडी. एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. आणि बारीक खिळे होते शिशाचे, इतके नाजूक की उकार तुटला तर शोधायला भिंग लागायचं.

मास्तरांनी मुखपृष्ठासाठी नुसतं 'सौ. येसूबाई' लिहून दिलं होतं. आबाजी म्हणाले, "नुसती येसूबाई म्हणजे कुठली? घरधन्याचं नाव पाहिजे, गाव पाहिजे. ती उद्या पाहायला येणार आहे, तिलाच विचार आणि घाल." असं म्हणून ते कागद आणायला मुंबईला निघून गेले.

घरधन्याचं नाव. तिलाच विचार. आबाजींसारखा शहाणा माणूस असं सांगून जातो, मग पोपटानं काय करावं?

खरं तर विचारायची मला गरजच नव्हती. तिचा नवरा नामा माझ्या चांगला ओळखीचा होता. ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला. शनिवारी घरी जाताना कर्जतला गाडी बदलायचा, तेवढ्या वेळात आमच्या ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायचा. काडीसारखा माणूस. "नामा, घाटात वारा सुटला की तू रूळ धरून उभा राहत असशील ना रं?" असं मी दर शनिवारी विचारायचो. तो दर शनिवारी हसायचा. हसताना त्याचा आवाज होत नसे.

त्याचं नाव मी जाड अक्षरांत मांडूनही पाहिलं. पण 'ना'ची काठी, 'मा'ची काठी, मध्ये सगळं मोकळं. जाड केलं तरी नाव हाडकुळंच राहिलं. मग माझा हात आपसूक ढ च्या घराकडे गेला. ढ कुणाला लागत नाही, म्हणून त्याच्या कडा अजून कोऱ्या, धारदार. ढ घेतला. पुढं 'मा' लावला. मग 'जी'. ढमाजी.

या अख्ख्या मुलखात ढमाजी नावाचा माणूस नव्हता. काडीपैलवान नामाला मी ढमाजी केला म्हणून माझं मलाच हसू आवरेना. 'सौ. येसूबाई' केसासारख्या बारीक अक्षरांत, खाली 'साजगावकर' तितकंच बारीक आणि मध्ये तो ढमाजी. कच्चा छाप काढून भिंतीला लावला, सहा पावलं मागं सरकून पाहिलं आणि हसू थांबलं. नाव कागदावरून उठून उभं राहिलं होतं. आयुष्यात इतकं देखणं मुखपृष्ठ माझ्या हातून झालं नव्हतं. येसूबाईचं नाव तिथं होतं हे मात्र शोधावं लागत होतं.

३

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती आली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात भोपळ्याच्या पानात बांधलेली करवंदं, आमच्यासाठी. छापखान्यात मी, शाईचा रूळ फिरवणारा जैतू आणि विडी ओढायला येऊन बसलेले बाजारातले दोन रिकामटेकडे. जैतू कशेळ्याच्या वरच्या वाडीतला ठाकूर, माझ्याच वयाचा, दिवसाला चार शब्द बोलणारा.

मी मुखपृष्ठाचा कच्चा छाप तिच्यासमोर धरला आणि अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "सौ. येसूबाई ढमाजी साजगावकर."

ती आधी हसली. मग म्हणाली, "ते नाय, भाऊ. नाव चुकलंय."

"कोणतं? येसूबाई चुकलं?"

"नाय वं. मदलं."

"मग बरोबर काय ते सांगा. लगेच बदलतो."

तिनं पदर ओढून घेतला. रिकामटेकडे सरसावून बसले. तिनं बोट कपाळाला लावलं. उभं नाम ओढतात तसं दाखवलं. "ह्ये. ह्येच्यावानी."

"टिळा? टिळाजी?"

"नाय वं!"

"गंध? गंधाजीराव? का कपाळ? वैनी, कपाळराव नावाचा माणूस असतो होय?"

माणसं खोकेपर्यंत हसली. ती पण हसली बिचारी. मग मी म्हणालो, "एवढ्या एकशे एक नवऱ्या तुम्ही बोलत्या केल्या. घ्या की उखाण्यात. आम्ही काय परके?"

ती लाजली. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू आवाजात, तिनं उखाणा सुरू केला. घाटातल्या रुळांचा होता, लोखंडाचा जोड आणि संसाराचा जोड असं काहीतरी. नवा होता. त्या एकशे एकातला नव्हता. नावाच्या जागेवर ती आली आणि मी पाय दाबून छापयंत्र चालू केलं. खडखड खडखड. पत्र्याच्या छपराखाली त्या यंत्राचा आवाज म्हणजे मालगाडी. नाव त्यात बुडालं.

"ऐकू नाही आलं, वैनी. परत!"

तिनं परत घेतला. मी परत यंत्र चालवलं.

तिसऱ्या वेळी ती नावाच्या अलीकडेच थांबली. यंत्राकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमाला ठावं हाय त्येंचं नाव. तुमच्याच वट्यावर बसत्यात. तुमी नीट लिवा, भाऊ."

करवंदं टेबलावर ठेवून ती गेली. लोक इथवर ऐकतात आणि मांडीवर थाप मारतात.

तिथवर माझा विचार असा होता, हे शपथेवर सांगतो, की एक छाप गमतीचा काढायचा आणि मग 'नामा' लावून पाचशे काढायचे. 'नामा' लावलंही. पण पान मेल्यासारखं दिसू लागलं. जाड नव्हतं म्हणून बारीकही बारीक दिसेना. मी ते काढलं आणि ढमाजी परत बसवला. विसरलो नव्हतो. मुखपृष्ठ देखणं होतं म्हणून मी एका बाईच्या कपाळी दुसरा नवरा लिहिला.

४

छापताना पहिली गोष्ट जैतूच्या लक्षात आली. यंत्राचा दाब बसला की कागदाच्या पाठीमागं अक्षराचा थोडा उंचवटा येतो, बोटाला कळेल इतका. तो कागद उलटा करून बोट फिरवत होता.

"पोपट, ह्यो मानूस कागदाच्या पल्याड निघतोय रं."

मी पाहिलं. बाकी सगळी पाठ सपाट. फक्त मध्ये तीन अक्षरांचा उंचवटा, तव्यावर पोळी फुगते तसा. मी दाब कमी केला. पुढच्या कागदावर उंचवटा वाढला. मी म्हणालो, लाकडी अक्षर आहे, ओल धरली असेल, फुगलं असेल. वैशाखात कसली ओल, असं मीच मला विचारलं आणि उत्तर न देता पाचशे पुरे केले.

"नाव लिवलंस," जैतू रूळ पुसत म्हणाला. "आता त्याला घर लागंल."

त्या दिवशी तो एवढंच बोलला.

दुसऱ्या सकाळी मी अक्षरं सोडवायला बसलो. मुखपृष्ठाची चौकट तशीच दोरीनं आवळलेली होती, गाठ माझ्या हातची. वरचं 'सौ. येसूबाई' जागेवर, खालचं 'साजगावकर' जागेवर. मध्ये ढमाजी नव्हता. आता ज्यानं खिळे जुळवले आहेत त्यालाच यातलं वाईट कळेल. आवळलेल्या चौकटीतून एक पातळ पट्टी जरी काढली, तरी सगळं ढासळतं. इथं तीन अंगठ्यांएवढं भोक पडलं होतं आणि भोवतीचा एक खिळा तसूभर हलला नव्हता. जणू त्या रिकाम्या जागेला ते सगळे अजून टेकून उभे होते.

घरात पाहिलं. ढ च्या घरात काही नाही. टेबलाखाली नाही, केरात नाही.

कुणीतरी माझी खोडी काढली, असं मी ठरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काढली. कोणी, ते कळेना. जैतू तसला नव्हता.

त्या दुपारी जेवून आलो तर आबाजी मुंबईहून आले होते आणि जैतूनं सकाळी मुखपृष्ठं चिकटवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा जागेवर नव्हता.

"येसूबाईचा नवरा घेऊन गेला," आबाजी म्हणाले.

"नामा? आजच्या वारी तो घाटात असतो."

"नामा कोण? ढमाजी होता तो. काय माणूस आहे रे! दारातून अंग तिरकं करून आत आला. बाकावर बसू नका म्हटलं, बाक जुना आहे. बोलला काहीच नाही. नाव विचारलं तर पुस्तकावर बोट ठेवलं." मग ते खूश होऊन म्हणाले, "मुखपृष्ठ मात्र झकास हं. असं नाव उठवायला नशीब लागतं."

पोच म्हणून त्यानं वहीत अंगठा दिला होता. मी तो पाहिला. अंगठ्यात रेषा असतात, माझ्याही आहेत, तुमच्याही असतील. यात एकही रेष नव्हती. नुसता भरीव काळा डाग, कडा सरळ. पान उलटून मागून हात फिरवायचं माझ्या मनात आलं. मी वही मिटून ठेवली.

आणि मग मला एकदम उलगडा झाला. नामा! त्या घुम्यानं डाव टाकला. बायकोनं घरी सांगितलं असणार, त्यानं गँगवरचा कुणी आडदांड गडी गाठला, त्याला माझ्यावर सोडला, अक्षरंही त्यानंच पळवली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी जोडीदार भेटला होता. रविवारी तो घरी असतो. रविवारीच जाऊन त्याला दंडवत घालायचं मी ठरवलं.

५

रविवारी खोपोलीच्या गाडीनं गेलो आणि साजगावला चालत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. वेशीजवळच्या घरापुढं एक म्हातारी भात वाळत घालत होती. अंबाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं.

"आजी, नामाचं घर कोणतं?"

"कोन नामा?"

"येसूबाईचा. उखाणेवाली येसूबाई."

"अरं, मंग ढमाजीचं घर इचार की! ते काय, शेवग्याच्या झाडाचं."

मी तिला डोळा मारला. सगळं गाव सामील आहे म्हणजे! म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळून पागोटं सारखं केलं.

"मस्करी पुरे, आजी. घाटात गँगवर जातो तो. काडीसारखा."

ती भातात हात घालून थांबली. आठवणीत खरंच काही शोधते आहे असा चेहरा झाला. शोधताना दुखतं आहे, असाही. "तसा एक व्हता खरा," ती म्हणाली. "त्येच्याच घरी का दुसऱ्याच्या... जाऊ दे बाबा. उन्हाचं डोस्कं चालत नाय."

म्हातारी नाटकात काम करायच्या लायकीची आहे, असं म्हणत मी पुढं गेलो. मोठ्यानं म्हणालो. मला आवाज हवा होता.

शेवग्याच्या झाडाखालचं अंगण ताजं सारवलेलं होतं. अंगणातून घरात पावलं गेली होती. एकेक पाऊल वीतभर रुंद आणि चार बोटं खोल. सारवलेल्या जमिनीत माणसाचं पाऊल उमटलं तर कडा चेपतात, शेण-माती सरकते. इथं कडा ढ च्या लाकडासारख्या सरळ, कोऱ्या होत्या. पावलं आत गेली होती. बाहेर आलेलं एकही नव्हतं.

६

कारवीच्या कुडाचं घर. पुढं ओटी, मागं माजघर, वर माळा. नामा उंबऱ्याला टेकून बसला होता. त्याला पाहून मी मोठ्यानं हसलो, हात जोडले आणि म्हणालो, "हरलो बाबा! पोपट हरला! कुठं दडवलास तुझ्या पैलवानाला?"

तो हसला नाही. शाई संपत आली की शेवटचे चार-दोन कागद फिके निघतात. अक्षर असतं, पण वाचायला डोळे ताणावे लागतात. नामा तसा निघाला होता. त्याच्यामागची कुडाची काडी न् काडी मला दिसत होती. मी स्वतःला सांगितलं की उन्हातून सावलीत आलं की असं होतं.

"पोपट," तो म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा. "तू मला वळखलंस. बरं झालं."

"म्हणजे काय?"

"गँगवर हजेरी घेत्यात. माजं नाव पुकारलंच नाय. मी मुकादमाला म्हनलं, मी हितं हाय, पुकारा की. तो म्हनला, काय पुकारू?" त्यानं कपाळावरून हात फिरवला. "मलाबी सांगता येईना रं. पार गेलंय बघ डोक्यातनं. तुला ठावं हाय. तू एकदा मोठ्यानं सांग."

मी अजून हसतच होतो. तोंड हसत होतं, म्हणजे. माळ्यावर काहीतरी सरकलं आणि आढ्यातून माती गळाली. नामाच्या अंगावर पडली ती तिथं थांबली नाही.

माजघराच्या दारात येसूबाई उभी होती. हातात पळी. चार दिवसांत तिचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं.

"मी घेतलं, भाऊ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उखान्यात घेतलं. सा वेळा घेतलं. नावापाशी आलं की कानात नुसतं खडखडतं. सरळ घ्यायला आमा बायांना बंदी. घेतलं आन् त्येंचं उरलंसुरलं बी गेलं तर? तुमी पुरुष मानूस. तुमाला बंदी नाय. गावाला आठवत नाय, त्येंना आठवत नाय. तुमालाच ठावं हाय." तिनं दोन्ही हात जोडले, पळीसकट. "सांगा की वं."

तेव्हा मला कळलं की इथं कुणी खोडी काढत नव्हतं. खोडी एकच होती, आणि ती माझी होती.

दोन अक्षरं. माझ्या जिभेवर होती. मी तोंड उघडलं.

तिच्या मागं, माजघरातल्या अंधारात, माळ्याची शिडी करकरली. एक पायरी. दुसरी. शिडीनं जे सोसलं ते जमिनीवर आलं आणि ओटीवरचा तांब्या हलला. मग कुणीतरी दाराच्या पलीकडे येऊन थांबलं. श्वास नव्हता. खाकरणं नव्हतं. नुसता तिथला अंधार जाड झाला आणि दारातली येसूबाई त्याच्यापुढं एकदम बारीक दिसू लागली. मुखपृष्ठावर दिसते तशी.

चेष्टेखोर माणूस भित्रा असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐका. दुसरा हसला की आपण वाचलो, एवढंच आम्हाला कळतं. उघडलेल्या तोंडातून काहीतरी बाहेर पडणं भाग होतं.

"रामराम, ढमाजीराव," मी म्हणालो.

आतून उत्तर आलं. "ओ."

येसूबाईचे जोडलेले हात हळूहळू सुटले. मी उंबऱ्याकडे पाहिलं नाही.

७

"जेवून जावा, भाऊ," ती म्हणाली. मघाचा आवाज नव्हता. पाहुण्याशी बोलतात तो होता. "त्ये बसत्यातच हायेत पानावर."

पळून गेलो असतो तर निदान तेवढी अब्रू राहिली असती. पण नाही म्हटलं तर तो बाहेर येईल असं वाटलं. मी पाय धुतले आणि आत गेलो.

माजघरात खिडकी नव्हती. चुलीचा उजेड होता तो खालच्या खाली. दोन पानं समोरासमोर मांडली होती. माझ्यासमोरचा पाट करकरला आणि करकरतच राहिला. मी नजर पानावर ठेवली. पण समोरच्या पानावर हात आला, तेवढा दिसला. बोटं मुळापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीची. नखं नव्हती. त्यानं भातावर अंगठा टेकवला. आपण भात चुरतो तसा चुरला नाही. नुसता दाबला. उचलला तेव्हा शितं पत्र्यासारखी चपटी झाली होती आणि काळी पडली होती.

मी घास घेतला. गिळला. "भात छान झालाय," असंही म्हणालो. हे वाक्य मला आजही भर पंगतीत ऐकू येतं.

खाली मान घालून जेवताना माजघराच्या दारातून ओटीचा उंबरा दिसत होता. नामा तिथंच होता, आमच्याकडे तोंड करून. त्याचं पान मांडलेलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा हात गुडघ्यावर होता आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. अजून वाट पाहत होता, म्हणजे. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावळा कळत नव्हता, बसण्याची ढब तेवढी कळत होती. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ऊन होतं, आणि उन्हात एक जागा अशी होती की तिथं ऊन नीट टेकत नव्हतं.

येसूबाई आमटी घेऊन वाकली. मग तशीच थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "मगापासनं सारखं उंबऱ्याकडं काय बघता? कोन हाय तितं?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. पण तिच्या डोळ्यांत कुठंतरी खाली, अगदी बारीक, काहीतरी अजून धरून राहिलं होतं. ते मी सांगेन त्याची वाट पाहत होतं. समोरचा पाट करकरायचा थांबला होता. सगळं घर ऐकत होतं.

"कुणी नाही, वैनी," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. माझ्या पानावर एक डाव आमटी वाढली, समोरच्या पानावर दोन, आणि पदरानं हात पुसत ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.